थेंब घातल्यावर डॉक्टर डोळ्यात नक्की काय बघतात?

"अगं, मला फक्त पेपर वाचायचा चष्मा हवाय, थेंब कशाला घालतेस?"

हे मी आठवड्यातून आठ-दहा वेळा तरी ऐकते. मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, कोपरखैरण्याहून रोज ट्रान्स हार्बरने ठाण्याला येते आणि नौपाड्यात एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढणं, बाहुली मोठी करायचे थेंब घालणं, डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याचे (रेटिनाचे) फोटो काढणं ही कामं करते. निदान डॉक्टर करतात, मी नाही. पण इतक्या वर्षांत पडद्याचे हजारो फोटो डोळ्यांखालून गेलेत आणि त्यातले काही असे होते की चष्म्याचा नंबर बाजूलाच राहिला आणि माणसाला त्याच दिवशी फिजिशियनकडे पाठवावं लागलं.

गेल्या पावसाळ्यात असेच एक काका आले होते, वय 52, गोखले रोडच्या आतल्या गल्लीत स्टेशनरीचं दुकान, सोबत काकू. बिलातले आकडे नीट दिसत नाहीत एवढीच तक्रार. जवळचा नंबर निघाला प्लस दोन, ह्या वयात निघतोच, त्यात काही विशेष नाही. मग मी थेंबाचं नाव काढलं तर काका उठायलाच लागले, दुकानात पोऱ्या एकटाच आहे, स्कूटर खाली लावलीय, दोन-तीन तास डोळे धूसर राहिले तर मी करू काय वगैरे. काकू म्हणाल्या, "बसा हो तुम्ही, मी जाते दुकानात." म्हणून बसले.

फोटो काढला आणि स्क्रीनवर आल्या आल्या मी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि काकांना एकच विचारलं, "काका, बीपी शेवटचं कधी मोजलं होतं?" काका म्हणाले, "मला काही त्रासच नाही हो, मोजायचं कशाला?" मोजलं. 196 वर 118. दहा मिनिटं शांत बसवून परत मोजलं, 192 वर 116.

काकांना खरा धक्का बीपीच्या आकड्याचा नव्हता, डोळ्यांच्या डॉक्टरला ते कळलं कसं ह्याचा होता. ते मला तीन वेळा विचारत होते आणि त्या गडबडीत मला नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय.

आपल्याकडच्या जुन्या बिल्डिंगी आठवा. पाण्याचे सगळे पाईप भिंतीच्या आत गाडलेले, वर प्लास्टर, वर रंग. आतून गंजलेत का, कुठे अरुंद झालेत का, काहीच दिसत नाही, भिंतीला ओल आली की मगच कळतं. पण मागच्या बाजूला डक्ट असतो, तिथे पाईप उघडे दिसतात आणि चांगला प्लंबर आधी तिथेच जाऊन बघतो, कारण डक्टमधल्या पाईपांची जी अवस्था तीच भिंतीतल्या पाईपांची असणार, वय एकच, पाणी एकच, प्रेशर एकच. शरीरात रक्तवाहिन्यांचा असा डक्ट एकच आहे आणि तो डोळ्याच्या मागच्या पडद्यावर आहे. हृदयाच्या, मेंदूच्या, किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या बघायच्या तर कुठेतरी सुई टोचावी लागते, डाय सोडावा लागतो, स्कॅन काढावा लागतो. डोळ्यात मात्र पुढची काच पारदर्शक, आतलं भिंग पारदर्शक, मधली जेली पारदर्शक, त्यामुळे नुसता उजेड टाकला की पडद्यावरच्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या जिवंत, वाहत्या, उघड्या दिसतात. हातावरच्या शिरा दिसतात की, असं कुणी म्हणेल, पण त्या कातडीखालून निळसर दिसणाऱ्या मोठ्या शिरा, बारीक धमन्या अशा उघड्या फक्त इथेच.

आणि ह्या रक्तवाहिन्या काही वेगळ्या जातीच्या नाहीत. गर्भात असताना डोळ्याचा पडदा मेंदूतूनच फुटून बाहेर येतो, म्हणजे तो मेंदूचाच भाग. त्याला रक्त येतं तेही मानेतल्या कॅरोटिड धमनीतून, जी पुढे मेंदूला रक्त देते, तिचीच एक फांदी डोळ्याकडे वळते. म्हणून पडद्यातल्या बारीक नळ्यांची जी स्थिती असते त्यावरून मेंदूतल्या बारीक नळ्यांचा बराच अंदाज येतो.

हे माणसाला कळून दीडशेच्या वर वर्षं झालीत. 1851 मध्ये हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ ह्या जर्मन शास्त्रज्ञाने ऑफ्थॅल्मोस्कोप जगासमोर आणला, जिवंत माणसाच्या डोळ्याचा मागचा पडदा बघायचं पहिलं साधन. पुढे 1876 मध्ये लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स ह्यांनी लिहिलं की किडनीच्या ज्या पेशंटांची नाडी हाताला कडक, ताणलेली लागते त्यांच्या पडद्यातल्या धमन्या बारीक झालेल्या दिसतात. आता हे लक्षात घ्या की दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायचं यंत्र इटलीत रिवा-रोची ह्यांनी आणलं ते 1896 मध्ये. म्हणजे बीपीला नीट आकडा मिळायच्या 20 वर्षं आधी ते डोळ्यात दिसलेलं होतं! मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कॉलेजात होते आणि त्या दिवसापासून पडद्याच्या फोटोकडे मी नुसता डोळ्याचा फोटो म्हणून कधीच बघितलं नाही.

आता फोटोत दिसतं काय ते सांगते. गोल नारिंगी-लाल पार्श्वभूमी, एका बाजूला फिकट पिवळसर गोल टिकली, ती म्हणजे डोळ्याची मुख्य नस (रक्ताची नाही, मेंदूकडे संदेश नेणारी), आणि तिच्यातून चारी दिशांना फांद्यांसारख्या पसरलेल्या लाल रेषा. त्यात दोन प्रकार, जरा उजळ आणि बारीक त्या धमन्या, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या, आणि जरा गडद आणि जाड त्या शिरा, रक्त परत नेणाऱ्या. निरोगी डोळ्यात धमनी आणि शिरेच्या जाडीचं प्रमाण साधारण 2 ला 3 असतं. धमनी शिरेच्या अर्ध्यावर किंवा त्याहून बारीक दिसायला लागली की डॉक्टर थांबून बघतात.

बारीक का होते? कारण पडद्यातली धमनी स्वतःचा बंदोबस्त स्वतः करते. मागून रक्त जोरात आलं तर ती आखडते, कारण तिच्यापुढे ज्या केशवाहिन्या आहेत त्या इतक्या नाजूक की तो जोर त्यांना झेपणार नाही. नळाला प्रेशर जास्त आलं की आपण कॉक थोडा फिरवून धार कमी करतो ना, तसंच, फक्त इथे कॉक आपोआप फिरतो. पण बीपी वर्षानुवर्षं चढलेलंच राहिलं तर ती बिचारी सतत आखडलेलीच राहते, मग तिच्या भिंतीतला स्नायू जाड होतो, पुढे त्या स्नायूच्या जागी कडक तंतू येतात, आणि शेवटी ती सैल व्हायचंच विसरते. हे सगळं चालू असताना माणसाला काहीही जाणवत नाही, डोकं दुखत नाही, नजर धूसर होत नाही, म्हणून तर काका म्हणाले की मला काही त्रासच नाही.

इथे एक गोष्ट मला फार आवडते ती सांगते. निरोगी रक्तवाहिनीची भिंत पूर्ण पारदर्शक असते, आपल्याला जी लाल रेषा दिसते ती नळी नसतेच, आतलं रक्त असतं. भिंत जाड व्हायला लागली की ती उजेड परतवायला लागते, धमनीच्या मधोमध एक चमकती रेघ दिसते, ती रुंद होत होत अख्खी धमनी तांब्याच्या तारेसारखी दिसायला लागते, डॉक्टरांच्या भाषेतही कॉपर वायरच म्हणतात, आणि अजून पुढे गेलं की आतलं रक्त जवळपास दिसेनासं होऊन ती चांदीच्या तारेसारखी पांढुरकी दिसते. म्हणजे जी भिंत दिसायलाच नको ती दिसायला लागणं हाच आजार.

दुसरी खूण म्हणजे क्रॉसिंग. पडद्यावर धमनी आणि शीर एकमेकींना ओलांडून जातात तिथे दोघींवर मिळून एकच आवरण असतं, जसे दोन पाईप एकाच क्लॅम्पने आवळलेले. धमनी कडक आणि जाड झाली की क्लॅम्पला तर सैल व्हायला जागा नाही, मग खालची मऊ शीर दबते. फोटोत शीर धमनीच्या दोन्ही बाजूंना चिमटा काढल्यासारखी किंवा तुटल्यासारखी दिसते. मार्कस गन नावाच्या लंडनच्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी 1890 च्या दशकात हे नीट वर्णन करून ठेवलंय, अजूनही त्यांच्याच नावाने ओळखतात. आणि हे नुसतं पुस्तकात ओळखायचं चिन्ह नाहीये, ह्याच दबलेल्या जागी पुढे शिरेत गुठळी होऊन ती बंद पडू शकते, मग त्या भागात रक्त साकळतं आणि नजर एका बाजूने जाते. शीर बंद पडलेले पेशंट आमच्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न बीपीचाच असतो.

काकांच्या फोटोत क्रॉसिंग तर दबलेली होतीच, पण मी हाक मारली ती दुसऱ्या कारणाने. दोन-तीन ठिकाणी पांढरे, कडा पुसट असलेले ठिपके होते, कापसाचे बोळे चिकटवल्यासारखे, आणि आजूबाजूला ज्योतीच्या आकाराचे रक्ताचे बारीक डाग. हे कधी होतं, तर धमनीने आखडून आखडून शेवटी हार मानली की. मग नाजूक केशवाहिन्यांवर सगळा जोर येतो, त्या पाझरायला लागतात. रक्त नसांच्या धाग्यांमधून पसरतं म्हणून डागाला ज्योतीसारखा आकार येतो. चरबी आणि प्रोटीन झिरपलं की पिवळे टणक ठिपके दिसतात. आणि कापसाचा बोळा म्हणजे तिथली बारीक धमनी बंद पडली, रक्त तुटलं. नसांच्या धाग्यातून सतत काही ना काही माल इकडून तिकडे चाललेला असतो, तो तिथे अडकून साचतो. कळवा आणि ठाण्याच्या मधे सिग्नल गेला की मागे एकामागोमाग एक लोकल कशा उभ्या राहतात, तशी ती साचलेली गर्दी आपल्याला पांढरी दिसते.

ह्याच्याही पुढची पायरी म्हणजे ती पिवळसर टिकली, मुख्य नस, तीच सुजणं. बीपी 180 वर 120 च्या पुढे आणि नसेला सूज असेल तर ती इमर्जन्सी, उद्या सकाळी बघू असं चालत नाही, ॲडमिट करतात.

1939 मध्ये अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या कीथ, वॅगनर आणि बार्कर ह्या तिघांनी बीपीच्या पेशंटांचे पडदे बघून चार गट पाडले. पहिल्या गटात धमन्या किंचित बारीक, चौथ्यात नसेला सूज. बीपीवर धड औषध नव्हतं तेव्हा. 3 वर्षांनी पहिल्या गटातले 70 टक्के लोक जिवंत होते आणि चौथ्या गटातले फक्त 6 टक्के. मला हे आकडे वाचून आजही कसंतरी होतं. चौथ्या गटातली माणसं डोळ्यांच्या आजाराने नाही गेली, ती हृदय, मेंदू आणि किडनीने गेली, डोळ्यात फक्त ते आधी दिसलं होतं. आज गोळ्या आहेत, स्वस्तात मिळतात, म्हणून तो 6 चा आकडा आज कुणाच्या वाट्याला येऊ नये असं अगदी मनापासून वाटतं.

काकांचंच बघा ना. फिजिशियनने ईसीजी आणि टूडी इको काढला तर हृदयाच्या डाव्या बाजूची भिंत जाड झालेली निघाली, कारण इतकी वर्षं ते चढलेल्या प्रेशरविरुद्ध पंप मारत होतं. लघवीत प्रोटीन निघालं, म्हणजे किडनीच्या चाळणीवरही परिणाम झालेला. पडदा, हृदय, किडनी, तिन्हीकडे एकच गोष्ट चाललेली, फक्त बघता आली ती पडद्यात.

इथवर ज्यांना आधीच बीपी आहे त्यांचं झालं. पण 1990 च्या दशकात संशोधकांना प्रश्न पडला की आत्ता धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या पडद्यावरून पुढचं काही सांगता येईल का. अमेरिकेतल्या चार वस्त्यांमधल्या मध्यमवयीन लोकांवर एरिक नावाचा मोठा अभ्यास चालू होता, त्यात 10,000 हून जास्त लोकांचे पडद्याचे फोटो काढले आणि मग कुणाला काय होतं ते बघत राहिले. 2001 मध्ये आलेल्या निष्कर्षात दिसलं की ज्यांच्या पडद्यावर पाझरल्याच्या खुणा होत्या, म्हणजे डाग, कापसाचे बोळे, त्यांना पुढच्या साधारण साडेतीन वर्षांत स्ट्रोक यायची शक्यता इतरांच्या दुपटीहून जास्त होती, आणि हे बीपी, शुगर, सिगारेट वगैरेचा हिशोब वजा करूनसुद्धा. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्स भागात, अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या बीव्हर डॅम गावात आणि हॉलंडमध्ये रॉटरडॅमलाही असेच अभ्यास झाले. धमन्या बारीक असलेल्या, पण बीपी अजून नॉर्मल असलेल्या माणसांना पुढे बीपी व्हायचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे बारीक होणं हे नुसतं बीपीचा परिणाम नाही, कधीकधी बीपीच्या आधीच सुरू झालेलं असतं. शिरांचं उलट, त्या रुंद झाल्या तर वाईट, रुंद शिरांचा संबंध स्ट्रोकशी, सिगारेटशी, लठ्ठपणाशी लागलेला आहे.

बायकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगायचीय. त्याच एरिक अभ्यासात 2002 मध्ये दिसलं की बारीक धमन्या आणि पुढे होणारा हृदयविकार ह्यांचा संबंध बायकांमध्ये स्पष्ट होता, पुरुषांमध्ये नव्हता. त्यामागचा विचार असा की बायकांच्या हृदयविकारात बारीक रक्तवाहिन्यांचा हात पुरुषांपेक्षा जास्त असावा. छातीत दुखतं, जिना चढताना धाप लागते, अँजिओग्राफी केली तर मोठ्या धमन्या स्वच्छ, मग घरचे म्हणतात टेन्शन घेते, ॲसिडिटी आहे. अशा कितीतरी मावश्या मी बघते, नेरुळच्या, वाशीच्या, ठाण्याच्या. त्यांचं दुखणं खोटं नसतं, अँजिओग्राफीत दिसणार नाही इतक्या बारीक नळ्यांमध्ये ते असू शकतं.

आता कॉम्प्युटरचं. 2018 मध्ये गुगलच्या लोकांनी 2,84,335 माणसांचे पडद्याचे फोटो एका प्रोग्रामला शिकवले. त्याने फोटो बघून माणसाचं वय सरासरी सव्वातीन वर्षांच्या फरकाने सांगितलं, आणि बाई की पुरुष हे तर जवळपास प्रत्येक वेळी बरोबर ओळखलं, जे आमच्या कुठल्याच डॉक्टरला फोटो बघून सांगता येत नाही. सिगारेट ओढतो का, वरचं बीपी किती असेल, हेही बऱ्यापैकी. मग बातम्या आल्या की डोळ्याच्या फोटोवरून हार्ट अटॅक कळणार. थोडं थांबा. पाच वर्षांत हृदयाचा मोठा झटका कुणाला येईल हे ओळखण्यात त्याचे गुण होते 0.70. ह्या मोजणीत 0.5 म्हणजे नाणं उडवल्यासारखं आणि 1 म्हणजे कधीच न चुकणारं. त्यामुळे 0.70 म्हणजे वय, बीपी, कोलेस्टेरॉल घालून डॉक्टर जो हिशोब मांडतात साधारण तितकंच. रक्त न काढता, नुसत्या फोटोवरून तितकं जमणं ही मोठीच गोष्ट आहे, पण आज कुणी तुम्हाला फक्त डोळ्याचा फोटो काढून हृदयाचं सर्टिफिकेट देत असेल तर ते घेऊ नका.

आणि हे मी अगदी कळकळीने सांगतेय, कारण उलटी चूकही लोक करतात. पडदा नॉर्मल आला म्हणजे हृदय नॉर्मल, असं नसतं. पडद्यात दिसतात त्या बारीक नळ्या, आणि हार्ट अटॅक बहुतेक वेळा येतो तो हृदयावरच्या मोठ्या धमनीत साठलेली चरबी फुटून तिथे गुठळी झाल्यामुळे. ती चरबी पडद्यात दिसत नाही. छातीत दुखतंय, डावा हात भरून आलाय, घाम फुटलाय तर डोळे तपासायला येऊ नका, सरळ मोठ्या हॉस्पिटलला जा. शिवाय सुरुवातीच्या खुणा, म्हणजे धमनी थोडी बारीक, थोडी चमकदार, ह्याबाबत दोन डॉक्टरांचं मत वेगळं पडू शकतं, वयानेही धमन्या थोड्या कडक होतातच. म्हणून बीपी मोजायला पट्टाच लागतो, पडदा पट्ट्याची जागा घेत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत 15 वर्षांवरच्या लोकांमध्ये 24 टक्के पुरुष आणि 21 टक्के बायकांचं बीपी एकतर वाढलेलं होतं किंवा त्यासाठी गोळी चालू होती. म्हणजे ठाणे स्टेशनवर तुमच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या दर चार-पाच माणसांत एक.

मोठ्या धमनीतली चरबी पडद्यात दिसत नाही म्हटलं, पण एक वेळ अशी असते की ती दिसते, आणि ती लिहिताना मला माझ्या आत्याची आठवण येते. कळव्याला राहायची, 66 वर्षांची. एके दिवशी भाजी निवडताना उजव्या डोळ्यासमोर वरून शटर पडल्यासारखं झालं, पूर्ण काळोख, दुखलं अजिबात नाही, आणि चार-पाच मिनिटांत शटर परत वर गेलं, सगळं पूर्वीसारखं. जवळच्या दवाखान्यात गेली तर तिथे डोळे कोरडे झालेत म्हणून थेंब दिले. मला तर तिने सांगितलंच नाही, म्हणे तुला कशाला त्रास. नवव्या दिवशी डाव्या अंगावरून पॅरालिसिसचा झटका आला. तेव्हा मी शिकत होते, आणि त्या चार मिनिटांचा अर्थ मला नंतर पुस्तकात वाचायला मिळाला.

मानेतल्या कॅरोटिडमध्ये चरबीचा थर साठलेला असतो, त्यातला एखादा कण सुटतो, रक्ताबरोबर डोळ्यात जातो, पडद्याची धमनी अडवतो, नजर जाते, मग कण फुटून पुढे सरकतो आणि नजर परत येते. कधीकधी असा कोलेस्टेरॉलचा कण धमनीच्या फाट्यावर अडकलेला डॉक्टरांना दिसतोही, पिवळा, चकचकीत, मेयो क्लिनिकच्याच रॉबर्ट हॉलेनहॉर्स्ट ह्यांनी 1961 मध्ये त्याचं वर्णन केलं. पुढचा कण डोळ्याकडे न वळता मेंदूत गेला की स्ट्रोक. म्हणून एका डोळ्याची नजर काही मिनिटांसाठी जरी गेली आणि परत आली तरी त्याला चक्कर, अशक्तपणा, कोरडेपणा म्हणून सोडायचं नाही, त्याच दिवशी जिथे मेंदूचा स्कॅन आणि मानेचा डॉप्लर (मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी) होतो अशा हॉस्पिटलला जायचं. आणि नजर गेली ती परत आलीच नाही, एका डोळ्याला अचानक, न दुखता अंधार, तर तो डोळ्याचा स्ट्रोक असू शकतो, त्याला मेंदूच्या स्ट्रोकइतकीच घाई करायची, चष्म्याच्या दुकानात किंवा आमच्यासारख्या छोट्या दवाखान्यात वेळ घालवायचा नाही, पडदा रक्ताशिवाय फार तर काही तास तग धरतो.

शुगरवाल्यांच्या पडद्याबद्दल वेगळं लिहावं लागेल, इथे एवढंच सांगते की शुगरचे डाग पडद्यावर दिसले तर डॉक्टर किडनी आणि हृदयाची तपासणीही करायला सांगतात, त्याला नाही म्हणू नका. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, हजारांच्या घरात गेलेल्या माणसाच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्या लाल न दिसता दुधासारख्या दिसतात. हृदयाच्या झडपेला इन्फेक्शन झालेल्यांच्या पडद्यावर मधे पांढरा ठिपका असलेले रक्ताचे डाग येऊ शकतात. हे रोज दिसत नाही, पण दिसतं.

आता थेंबांचं, कारण सगळं अडतं तिथेच. थेंब थोडे झोंबतात, अर्धा तास डोळे मिटून बसायला लागतं, बाहुली मोठी होते, मग चार-सहा तास जवळचं धूसर आणि उजेड डोळ्यांवर येतो. त्यानंतर स्वतः गाडी चालवायची नाही, रिक्षाने किंवा टीएमटीच्या बसने जा, गॉगल आणा, वयस्कर माणसाबरोबर कुणीतरी या, सकाळी थेंब घालणार असाल तर हिशोबाचं, वाचायचं काम संध्याकाळवर ढकला. काचबिंदूची शक्यता असलेल्यांना थेंबाने डोळ्याचं प्रेशर वाढू शकतं म्हणून आधी तपासूनच घालतात, तेव्हा घरात कुणाला काचबिंदू असेल तर सांगा. काही ठिकाणी थेंब न घालता अंधाऱ्या खोलीत फोटो काढणारे कॅमेरे असतात, मधल्या भागासाठी ते चालतात, पण मोतीबिंदू असेल किंवा बाहुली बारीक असेल तर फोटो धूसर येतो. चाळिशीनंतर, आणि बीपी, शुगर किंवा घरात हृदयविकार असेल तर त्याआधीही, पडदा बघून घ्या. आणि फोटोची कॉपी मागून घ्या, मोबाईलवर घेतली तरी चालेल, कारण पुढच्या वेळी तुलना करायला मागचा फोटो नसेल तर धमनी आधीपासूनच बारीक होती की ह्या दोन वर्षांत झाली हे कुणालाच सांगता येत नाही.

काका पाच महिन्यांनी परत आले, गोळ्या चालू, बीपी 132 वर 84. मी दोन्ही फोटो स्क्रीनवर शेजारी शेजारी लावले. कापसाचे बोळे गेले होते, रक्ताचे डागही, ते काही आठवड्यांत, काही महिन्यांत विरघळतातच. काका खूश झाले, मग बोट ठेवून विचारलं, "आणि हे चिमटा काढल्यासारखं? हे कधी जाणार?" डॉक्टर म्हणाले, "ते राहील काका. ते इतक्या वर्षांचं आहे. आता नवीन होऊ द्यायचं नाही." काकांनी खिशातून मोबाईल काढला, दोन्ही फोटो एकत्र येतील असा स्क्रीनचा फोटो घेतला आणि काकूंना पाठवला. मी फाईलवर पुढची तारीख लिहिली, सहा महिन्यांनंतरची.